खिडक्या लावून घ्या

आमच्या वाईच्या वाड्याला रस्त्याच्या बाजूने एकच खिडकी होती. घरात माणसे अकरा आणि खिडकी एक, त्यामुळे तिच्यात बसण्याचा क्रम वयाप्रमाणे लागत असे. मी सर्वांत धाकटा. रस्त्यावरून वरात निघाली, की आधी आजी, मग काकू, मग अक्का, मग थोरले दोघे, अशी पाहणी उरकून माझा नंबर लागेपर्यंत वरात कोपऱ्यावरून वळलेली असे आणि मला घोड्याने मागे ठेवलेला ऐवज तेवढा पाहायला मिळे. जगाकडे पाहण्याची माझी दृष्टी पुढे जी काही झाली, तिचे मूळ या क्रमात असावे.

या खिडकीबाबत आईचा एक कायदा होता. तिन्हीसांजा झाल्या, की ती चुलीपुढून हाक द्यायची, "खिडकी लावून घ्या रे!" मग बाहेर प्रत्यक्ष गांधीजींची सभा का असेना, खिडकी लागायची. कारण विचारण्याची सोय त्या काळी कुठल्याच कायद्याबाबत नव्हती, म्हणून प्रत्येकाने आपापल्या मगदुराप्रमाणे कारण शोधून ठेवले होते. अण्णा म्हणत, डास येतात. आजी म्हणे, त्या वेळी लक्ष्मी दारातून आत येते, ती खिडकीतून बाहेर जाऊ नये. थोरल्या भावाचे मत असे, की समोरच्या घरी बिऱ्हाड करून राहिलेल्या कारकुनांना तीन मुली होत्या आणि आईचे त्याच्यावर लक्ष होते. मी आपला डासांच्या पक्षाला होतो.

आज आमच्या पुण्याच्या फ्लॅटला खिडक्या चार आहेत आणि माझ्या संगणकाला सतरा. फ्लॅटच्या चारांतून समोरच्या इमारतीच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात आणि संगणकाच्या सतरांतून काहीच दिसत नाही, कारण एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशा त्या एकमेकींवर पडलेल्या असतात. रात्री झोपायच्या वेळी सौ. चष्म्यावरून माझ्या पडद्याकडे बघते आणि म्हणते, "अहो, एवढ्या खिडक्या उघड्या टाकून झोपू नका. वारा लागेल."

एवढ्या खिडक्या लागतात कशाला, असे तुम्ही विचाराल. हे व्यसन मला निवृत्तीनंतर लागले. चौतीस वर्षे मी हिशेब खात्यात काढली. मग एकदा भाचा घरी आला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही घरच्या आठवणी लिहून काढा."

"लिहितो की. शंभर पानी वही आण."

"वहीत नको. विकीत लिहा."

"आमच्या आठवणी विकत कोण घेणार रे बाबा?" मी म्हटलं.

भाच्याने कपाळाला हात लावला आणि मग माझे शिक्षण सुरू झाले.

विकी हा शब्द हवाई बेटांचा. अर्थ, लवकर. होनोलुलूच्या विमानतळावर एका इमारतीतून दुसरीकडे जायला 'विकी विकी' नावाची बस होती. वॉर्ड कनिंगहॅम नावाचे एक अमेरिकन प्रोग्रॅमर तिथे उतरले, तेव्हा त्यांना विमानतळावरच्या माणसाने 'विकी विकी'ने जा, असे सांगितले आणि तो शब्द त्यांच्या डोक्यात बसून राहिला. २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी इंटरनेटवर अशी पाने उघडली, की कोणीही यावे, वाचावे आणि चुकले असेल तिथे स्वतःच दुरुस्त करून पुढे जावे. 'क्विक वेब' म्हणण्यापेक्षा त्यांनी 'विकीविकीवेब' म्हटले. मला हे ऐकून हवाईच्या लोकांबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. पटपट, भरभर, लवकर लवकर असे दोनदोनदा म्हणून एकदाही घाई न करणारी माणसे आपल्यातलीच असणार.

तर सार्वजनिक विकी म्हणजे गावचा पार. कोणी यावे, बसावे, बोलून जावे. पण घरच्या गोष्टी काही आपण पारावर सांगत नाही. त्यासाठी खासगी विकी निघाल्या. भाच्याने मला दिली तिचे नाव टिडलीविकी. जेरेमी रस्टन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी २००४ साली ती केली. तिची मौज अशी, की सगळी वही एकाच फाइलमध्ये असते. त्यात तुम्ही लिहिलेले तर असतेच, पण ते लिहिण्याची, शोधण्याची आणि दाखवण्याची यंत्रणाही त्याच फाइलमध्ये असते. म्हणजे डबा उघडावा, तर आत पोळीभाजीबरोबर चूल, तवा आणि वाढणारी बाईसुद्धा निघावी! ही फाइल ब्राउझरमध्ये उघडायची आणि लिहायला लागायचे. तिच्यातल्या प्रत्येक टिपणाला टिडलर म्हणतात. टिडलर म्हणजे इंग्रजीत बारकासा मासा. आमच्या शाकाहारी घरात अशा रीतीने पाचशे मासे शिरले आणि सौ.ला अजून पत्ता नाही.

एका टिपणातल्या शब्दावरून दुसऱ्या टिपणावर उडी मारता येते, हे या वहीचे सार. मी 'अण्णांची छत्री' असे टिपण लिहिले. त्यात छत्री साताऱ्याला हरवल्याचे आले, म्हणून 'सातारा' उघडले. साताऱ्यात मावशी राहायची, म्हणून 'मावशी' उघडली. मावशीच्या हातचे लोणचे, लोणच्याची बरणी, बरणी फोडणारा मी, मला मारणारे अण्णा आणि अण्णांच्या हातातली छत्री! ती हरवली नव्हती का? मग दोन्ही टिपणे शेजारी शेजारी ठेवून ताळा करणे आले. खतावणी आणि व्हाउचर एकाच वेळी डोळ्यांपुढे असल्याशिवाय चूक सापडत नाही, हे आम्हांला खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून दुसरी खिडकी. मग तिसरी. सतरा व्हायला वेळ लागत नाही.

हा दोष माझ्या एकट्याचा आहे, अशी सौ.ची समजूत होती. ती दूर करावी म्हणून मी या प्रकरणाचा इतिहास खणला, आणि पाहतो तो काय, मोठमोठी माणसे या दुखण्याने जन्मभर जर्जर!

मूळपुरुष म्हणजे व्हॅनेवार बुश. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सुमारे सहा हजार शास्त्रज्ञांच्या कामाची व्यवस्था या माणसाने पाहिली. लढाई संपत आली तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की शास्त्रज्ञांनी लिहिलेले कागद इतके झालेत की हवा तो हवा तेव्हा सापडत नाही. हे ज्ञान आमच्या खात्यातल्या शिपायालाही होते. पण बुशसाहेबांनी त्यावर लेख लिहिला. जुलै १९४५ च्या 'अटलांटिक मंथली' मासिकात तो आला. त्यात त्यांनी 'मेमेक्स' नावाचे एक मेज कल्पिले. मेजाच्या पोटात सूक्ष्म फिल्मवर माणसाची सगळी पुस्तके, पत्रे, टिपणे, आणि वर तिरकस बसवलेले दोन पडदे. एक नव्हे, दोन! एका पडद्यावर एक पान थांबवून ठेवायचे, दुसऱ्यावर दुसरे आणायचे, आणि दोन्ही जुळली की एक कळ दाबून त्यांची कायमची गाठ बांधून टाकायची. बुशसाहेबांचा उदाहरणातला माणूस तुर्की धनुष्य इंग्रजी धनुष्यापेक्षा सरस का, याचा शोध घेत बसला आहे. मी छत्रीचा घेतो, एवढाच फरक. मेमेक्स कधीच तयार झाले नाही. पण आमच्या दोन खिडक्यांचे गोत्र तेच.

तो लेख 'लाइफ' साप्ताहिकाने त्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा छापला. तो अंक फिरत फिरत फिलिपिन्समधल्या लेटे बेटावर पोचला. तिथे रेडक्रॉसने बांबूच्या झोपडीत वाचनालय काढले होते. डग्लस एंगेलबार्ट नावाचा नौदलातला वीस वर्षांचा रडार तंत्रज्ञ तिथे बसून तो वाचत होता. लढाई संपलेली, घरी न्यायची बोट कधी येईल सांगता येत नव्हते, हाताला काम नाही. रिकामटेकड्या माणसाने वाचनालयात जावे, हा आमच्या वडिलांचा उपदेश किती सार्थ होता पाहा. पोराच्या मनात ते मेज घर करून राहिले. २३ वर्षांनी, ९ डिसेंबर १९६८ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत हजारेक लोकांसमोर त्याने नव्वद मिनिटांचा प्रयोग करून दाखवला. माउस लोकांनी प्रथम तिथे पाहिला. पडद्याचे भाग पाडून एकात मजकूर आणि दुसऱ्यात तीसेक मैलांवर बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा, एका शब्दावरून दुसऱ्या मजकुरावर उडी, सगळे त्या दिवशी झाले. आणि एवढ्या थोर प्रयोगात नमुन्यादाखल मजकूर कुठला घेतला होता? घरी जाताना बाजारातून आणायच्या वस्तूंची यादी! केळी, गाजरे वगैरे. मी हे सौ.ला मुद्दाम वाचून दाखवले. ती म्हणाली, "बघा. आणि तुम्हांला दोन जिनसा सांगितल्या तर एक विसरता."

इथवर खिडक्या शेजारी शेजारी होत्या. एकमेकींच्या अंगावर पडायची रीत पुढची. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७३ साली 'आल्टो' नावाचा संगणक झाला. त्याचा पडदा उभ्या कागदाच्या आकाराचा. एवढ्याशा जागेत दहा कागद शेजारी कसे मावणार? तेव्हा ॲलन के आणि त्यांच्या मंडळींनी ठरवले, की टेबलावर कागदावर कागद पडतात, तसे पडद्यावरही पडू द्यावेत. वरचा ओढला की खालचा दिसेल. पसाऱ्याला शास्त्राची मान्यता मिळाली ती इथे. माझ्या टेबलावरून साहेबांनी मला मेमो दिला होता, तो परत मागवून घ्यावा असे मला वाटू लागले आहे.

या प्रयोगशाळेत १९७९ साली ॲपल कंपनीची माणसे पाहुणी म्हणून येऊन गेली. त्यांत बिल ॲटकिन्सन नावाचा तरुण होता. एका खिडकीखाली अर्धवट झाकलेली दुसरी खिडकी आपली आपण बरोबर रंगवली जाते, असे आपण तिथे पाहिले, अशी त्याची समजूत झाली. घरी जाऊन त्याने जिवाचे रान केले आणि ती करामत साधली. पुढे त्याला कळले, की झेरॉक्सच्या लोकांना ती तशी जमलेलीच नव्हती! न पाहिलेली गोष्ट आठवून त्याने ती केली. आठवणीच्या जोरावर इतके मोठे काम दुसऱ्या कोणी केल्याचे मला माहीत नाही. आमच्याकडे आठवणीच्या जोरावर फक्त भाऊबंदकीचे दावे चालतात. पुढे याच ॲटकिन्सनच्या मोटारीला अपघात झाला. स्टीव्ह जॉब्स घाबरून इस्पितळात पोचले, तर पडल्या पडल्या त्याने त्यांना दिलासा दिला, की ती खिडक्यांची रीत मला अजून आठवते आहे.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९८५ मध्ये आपल्या मालाला नावच 'विंडोज' दिले. पण त्या पहिल्या आवृत्तीत खिडक्या फरशीसारख्या शेजारी शेजारी बसत, एकमेकींवर चढत नसत. शिस्तीचे घर! ते लोकांना फारसे मानवले नाही. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर पडू लागल्या, आणि १९८८ मध्ये ॲपलने खटला भरला. पसारा आमचा आहे, तो तुम्ही उचलला, असा दावा. काही वर्षे चालून ॲपल तो हरली. पसारा कोणाच्या मालकीचा नसतो, हे आमच्या घरात सौ.ने कधीच निकालात काढले आहे. तो फक्त माझा असतो.

त्याच झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतल्या हेंडरसन आणि कार्ड या दोघांनी १९८६ साली एक शहाणपणाचा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की माणूस काम करतो तेव्हा ठराविक चारपाच खिडक्यांचा घोळका त्याला एकदम लागतो, आणि काम बदलले की दुसरा घोळका. पडदा लहान, म्हणून निम्मा वेळ खिडक्या हलवण्यातच जातो. उपाय, खोल्या करा! एका कामाची एक खोली, तिच्यात तिच्या खिडक्या. त्यांनी तसा प्रोग्रॅमच केला आणि त्याचे नाव 'रूम्स' ठेवले. मी सौ.ला हेही सांगितले. "देवघरातली पळी स्वयंपाकघरात आणू नये, हे सांगायला दोन साहेब लागले?" ती म्हणाली.

आता विकीचे घराणे. ॲटकिन्सननेच १९८७ साली 'हायपरकार्ड' केले. पत्त्यांसारखी टिपणे, एकावरून दुसऱ्यावर उडी. कनिंगहॅमनी आपली विकी काढण्याआधी त्यातच आपला एक गठ्ठा करून पाहिला होता. पण हायपरकार्डात सुरुवातीला खिडकी एकच. एक पत्ता पाहायचा तर दुसरा झाकायचा. एकाहून अधिक खिडक्या १९९० च्या दुसऱ्या आवृत्तीत आल्या.

स्वित्झर्लंडमध्ये 'सर्न' या संस्थेत टिम बर्नर्स-ली नावाचा तरुण इंग्रज १९८० साली काही महिने कामाला होता. माणसे, यंत्रे आणि प्रोग्रॅम यांचे नातेगोते लक्षात राहीना, म्हणून त्याने स्वतःपुरती एक वही केली. नाव 'एन्क्वायर'. तिच्यात नवे पान जोडायचे तर आधीच्या कुठल्या तरी पानाशी त्याचे नाते सांगावेच लागे. निराधार पानाला प्रवेश नाही. थेट आमच्याकडच्या लग्नाच्या पंगतीसारखे, 'तुम्ही कोणाकडचे?' नोकरी सोडताना त्याने तिची फ्लॉपी तिथेच कोणाला तरी दिली, आणि ती हरवली. हरवलेल्या वहीच्या आठवणीतूनच पुढे १९९० साली त्याने वर्ल्डवाइड वेब उभे केले. जगातला तो पहिला ब्राउझर वाचायचाही होता आणि लिहायचाही, आणि त्यात दुवा दाबला की नवी खिडकी उघडत असे. म्हणजे या रोगाची सुरुवात पहिल्याच दिवशी झाली. पुढे खिडक्यांनी लोक बेजार झाल्यावर एका खिडकीच्या माथ्यावर टॅबचे कप्पे करण्याची युक्ती निघाली. २००४ च्या फायरफॉक्सने ती घरोघर नेली, २००६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररनेही घेतली. पसारा कमी झाला नाही. कपाटात कोंबला गेला. माझ्या सतरा खिडक्यांपैकी प्रत्येकीत किती कप्पे आहेत, हे मी सौ.ला सांगितलेले नाही.

आपल्याकडे हे असे काही नव्हते, असे समजू नका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू झाले. माझे आणि त्याचे जन्मसाल एक. दीडेक हजार ग्रंथांतून शब्द निवडून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या हाताने लिहिल्या गेल्या, त्या कप्प्याकप्प्यांच्या लोखंडी कपाटांत आहेत. विद्वान मंडळी दोन चिठ्ठ्या काढतात, टेबलावर शेजारी ठेवतात, पाहतात आणि जागच्या जागी परत ठेवतात. महाकोश अजून सुरू आहे. इतक्या वर्षांत त्यांची खिडकी कधी लटकली नाही.

आता माझ्या कर्माची कहाणी. ती कळायला टिडलीविकीतल्या खिडक्यांचे तीन प्रकार समजून घ्यावे लागतील. पहिला प्रकार नदीचा. उघडाल ती टिपणे एकाच पानावर एकाखाली एक वाहत राहतात. तिला 'स्टोरी रिव्हर' असेच म्हणतात. दुसरा प्रकार, एखादे टिपण वेगळ्या खिडकीत काढून शेजारी लावता येते. ही खिडकी मुख्य वहीच्याच पोटची. इकडे शब्द बदलला की तिकडे लगेच बदलतो, आणि मुख्य खिडकी मिटली की हीही मिटते. एकत्र कुटुंब! तिसरा प्रकार आमच्यासारख्या आडमुठ्यांचा. तीच फाइल पुन्हा दुसऱ्या खिडकीत उघडायची. दिसायला दोन्ही सारख्याच. पण या दोघी आता विभक्त. एकीत लिहिलेले दुसरीला कळत नाही. फाइल मात्र एकच आणि 'जतन करा' म्हटले की प्रत्येक खिडकी आपल्या जवळची अख्खी वही तिच्यावर लिहून मोकळी होते. शेवटी जतन करील तिचे राज्य.

भाच्याने हे मला सांगितले होते. "मामा, एकच उघडत जा," असे तीनदा सांगितले होते. मी तीनदा मान हलवली होती.

गेल्या पावसाळ्यात अक्का आठ दिवस आमच्याकडे राहायला आली. वय सत्त्याऐंशी. गुडघे गेलेत, स्मरण लख्ख. रोज दुपारी ती सांगायची आणि मी लिहायचो. सौ. शेजारी भाजी निवडत बसायची. लोणची झाली, बरण्या झाल्या, छत्रीचाही निकाल लागला (छत्र्या दोन होत्या). सातव्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला, म्हणून मी उठून खिडकी लावली आणि म्हटले, "अक्का, आई रोज संध्याकाळी ती खिडकी का लावायला लावायची गं? डासच ना?"

अक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डास नव्हे रे."

आणि तिने सांगितले. माझ्या जन्माआधी तीन वर्षे आमच्या घरी एक मुलगा होता. दोन वर्षांचा. लढाई संपली त्या पावसाळ्यात, म्हणजे १९४५ साली, तो तापाने आजारी पडला. डॉक्टर गावाला गेले होते, ते संध्याकाळी परत येणार होते. आईने अक्काला खिडकीत बसवले, म्हणाली, टांगा दिसला की हाक मार. अक्का सात वर्षांची. ती बसून राहिली. दर खेपेला टापांचा आवाज आला की आई आतून विचारायची, "आला का गं?" टांगा आला तेव्हा दिवे लागले होते, आणि तोवर विचारण्यासारखे काही उरले नव्हते. त्याचे नाव, त्याचा बोबडा बोल, त्याचे एक लाकडी बेडूक, सारे तिने सांगितले. ऐंशी वर्षांत तिने हे कोणाला सांगितले नव्हते. मला तर असा भाऊ होता, हेच माहीत नव्हते. मी तीन तास टंकत होतो. शब्दन्‌शब्द लिहिला, जतन केला आणि ती खिडकी मिटली. अक्का दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेली.

सकाळी दुधाचा हिशेब लिहायला बसलो. वही उघडीच होती. आदल्या सकाळपासून मागे कुठे तरी दुसऱ्या खिडकीत ती तशीच पडली होती, हे माझ्या ध्यानातही नव्हते. त्यात 'दूध, दोन लिटर' लिहिले आणि जतन केले.

दुपारी अक्काचे टिपण उघडायला गेलो तर ते नव्हते. आदल्या सकाळची वही आणि वर दोन लिटर दूध, एवढेच.

भाच्याला फोन केला. त्याने जुनी प्रत आहे का विचारले. ती ठेवायलाही त्याने सांगितले होते. मग तो बिचारा काही बोलला नाही. आणि भाचा बोलत नाही तेव्हा गोष्ट गंभीर असते. मी अक्काला फोन लावला. हिय्या करून सांगितले, की ते पुसले गेले, पुन्हा सांगशील का?

"नाही रे," ती म्हणाली. रागाने नव्हे. "एकदा झालं सांगून. पुन्हा नाही जमायचं."

मी टेबलाशी बसून राहिलो. सोळा खिडक्या उघड्या होत्या आणि एकीतही ते नव्हते. आईला रोज संध्याकाळी ती खिडकी बंद लागायची, आणि मी डासांच्या पक्षाला होतो.

थोड्या वेळाने सौ. पदराला हात पुसत आली. म्हणाली, "उठा, तोंड धुवा. मी सांगते, तुम्ही लिहा."

"तुला आठवतंय?"

"मी तिथंच बसले होते ना. गवार निवडत होते."

आणि तिने सांगितले. अक्काच्या शब्दांत नव्हे, तिच्या स्वतःच्या. टापांचा आवाज आला, दिवे लागले, "आला का गं" आले, लाकडी बेडूकही आले. तिच्या डोक्यात त्या वेळी एकच खिडकी उघडी होती. एका जागी मात्र ती अडली. नाव तिला आठवेना, मलाही आठवेना. आपल्या हाताने लिहिलेले नाव! लिहिले म्हणजे लक्षात ठेवायची जबाबदारी संपली, असे डोके धरून चालते, ते असे.

रात्री पुन्हा अक्काला फोन केला. म्हटलं, "गोष्ट नको सांगूस. फक्त नाव सांग." तिने नाव सांगितले. मग थोडी थांबून आपणहून म्हणाली, "तू झालास तेव्हा अण्णा म्हणाले होते, तेच नाव ठेवू. आई नको म्हणाली. म्हणाली, ते त्याचं आहे, त्याच्याकडेच राहू दे." हे तिने पहिल्या वेळी सांगितले नव्हते.

ते नाव आता आमच्या वहीत आहे. टिपण चौदा ओळींचे आहे, आधीचे बरेच मोठे होते. भाच्याने रोज रात्री आपोआप जुनी प्रत काढून ठेवण्याची व्यवस्था लावून दिली आहे, आणि चौथ्यांदा सांगितले आहे, की मामा, एकच उघडत जा.

मी आता एकच उघडतो. म्हणजे पाचसहापेक्षा जास्त नाही. संध्याकाळी दिवे लागले, की सौ. आतून हाक मारते, "अहो, खिडक्या लावून घ्या." मी आधी जतन करतो आणि मग एकेक लावून घेतो.

"डास येतात," ती म्हणते.

मी "हो" म्हणतो.